हाताचे शिक्षण आणि पुढची वाट

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)

दहावीच्या निकालाचे दिवस आले की खेड्यातील प्राथमिक शाळेच्या ओसरीवर दरवर्षी एक ओळखीचे दृश्य दिसते. शाळा सोडून काही वर्षे झालेला एखादा विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन येतो. त्याच्या मागे वडील उभे असतात. गुरुजींच्या हातावर पेढा ठेवला जातो, थोडा वेळ पाऊसपाण्याच्या गोष्टी होतात आणि मग मूळ प्रश्न निघतो : “गुरुजी, पोरानं आता पुढं काय करावं?” हायस्कूलमध्ये या मुलाला शिकविणारे शिक्षक कित्येकदा बाहेरगावाहून येतात व शाळा सुटल्यावर परत जातात. ज्यांनी पहिले अक्षर गिरवून घेतले, त्या गुरुजींच्या किंवा बाईंच्याच शब्दावर घराचा खरा विश्वास असतो. त्या एका उत्तरावर मुलाची पुढची पाच-सात वर्षे अवलंबून असतात, आणि कधीकधी शिक्षणासाठी गहाण पडणारा जमिनीचा तुकडाही अवलंबून असतो.

या प्रश्नाचे रूढ उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. गुण भरपूर असतील तर विज्ञान शाखा, मध्यम असतील तर वाणिज्य वा कला, आणि जेमतेम उत्तीर्ण झाला असेल तर “आय.टी.आय.ला घाला, निदान हाताला काम तरी मिळेल.” हे उत्तर सद्‌भावनेनेच दिले जाते. परंतु त्यात एक निवाडा दडलेला असतो. बुद्धी असेल त्याने पुस्तक धरावे आणि ती नसेल त्याने हत्यार धरावे, असा तो निवाडा आहे. तो खरा नाही. शिवाय तो ऐकणाऱ्या मुलाच्या मनात स्वतःच्या कामाविषयी जी खंत पेरली जाते, ती पुढे कोणत्याही प्रमाणपत्राने भरून निघत नाही. व्यवसायशिक्षणाचा विचार म्हणूनच या निवाड्यापासून सुरू करावा लागतो.

जुनी उमेदवारी

हाताचे शिक्षण गावाला नवे नाही. शाळा नव्हती तेव्हाही लोहाराचा मुलगा प्रथम भाता ओढे, मग सांडशीने तापलेले लोखंड धरी, पुढे घण उचली, आणि अखेर फाळाला पाणी कसे द्यावयाचे हे त्याला लोखंडाचा रंग पाहूनच समजे. सुताराचा मुलगा आधी लाकूड धरून बसे, नंतर करवत चालवी आणि सर्वांत शेवटी त्याच्या हाती किंकरे व पटाशी येई. या शिकवणीत मोठा गुण होता. प्रत्येक पायरीवर वस्तू खरी होती, गिऱ्हाईक खरे होते आणि चूक झाली तर नांगर शेतात मोडत असे. आजही जगातील उत्तम व्यवसायशिक्षण याच तत्त्वावर उभे आहे.

परंतु तिचा दोषही तेवढाच मोठा होता. हे ज्ञान जन्माने मिळे व जन्मानेच नाकारले जाई. कुंभाराच्या मुलाला लोहारकाम शिकता येत नसे आणि कोणत्याही कारागिराच्या मुलाला अक्षरओळख होत नसे. एका बाजूला हात होता, त्याला अक्षर नव्हते. दुसऱ्या बाजूला अक्षर होते, त्याला हात नव्हता. कारागिराची युक्ती कागदावर उतरली नाही, म्हणून ती त्याच्याबरोबर संपली. आणि पंडिताचे गणित ऐरणीपर्यंत पोहोचले नाही, म्हणून ते वाढले नाही. इंग्रजी अमदानीत शाळा आल्या, त्या ही फूट सांधण्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांना कचेरीसाठी कारकून हवे होते.

दोन वाटा कशा दुरावल्या

१८८२ साली हंटर आयोग नेमला गेला. माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात, एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी व दुसरी व्यापार आणि व्यवहारोपयोगी विषयांची, अशी शिफारस त्या आयोगाने केली. ही दुसरी शाखा ‘ब’ अभ्यासक्रम म्हणून ओळखली जाते. तिच्याकडे फार थोडे विद्यार्थी वळले. कारण उघड होते. प्रतिष्ठा, महाविद्यालय व सरकारी नोकरी या तिन्हींचा दरवाजा पहिल्या शाखेतून उघडत होता. दुसऱ्या शाखेपुढे दरवाजाच नव्हता. पालक अडाणी असला तरी रस्ता कोठे संपतो हे त्याला अचूक दिसते.

याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले होते. त्यात प्राथमिक शिक्षकाविषयी त्यांनी जे म्हटले, ते प्रत्येक प्राथमिक शाळेत स्मरणात राहावे असे आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, त्याने लोकांत मिसळावे, त्यांच्या गरजा समजून घ्याव्यात आणि प्रसंग पडल्यास नांगराची मूठ वा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, असा त्यांचा आशय होता. आयोगाने अभ्यासक्रमाच्या दोन शाखा सुचविल्या; जोतीरावांनी त्याआधीची गोष्ट सांगितली. शिक्षकाच्या मनात हात आणि अक्षर वेगळे असतील, तर अभ्यासक्रमाच्या शाखा कितीही काढल्या तरी त्या एकमेकींना भेटणार नाहीत.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या केंद्राभोवती सर्व विषय गुंफण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने तांत्रिक, कृषी, वाणिज्य, गृहविज्ञान अशा शाखांच्या बहुउद्देशी माध्यमिक शाळा सुचविल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सर्व शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा आग्रह धरला. दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणात असावेत, असे उद्दिष्ट त्याने ठेवले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने हे उद्दिष्ट खाली आणून उच्च माध्यमिक स्तरावर १९९० पर्यंत १० टक्के व १९९५ पर्यंत २५ टक्के असे ठरविले. १९९२ मध्ये याच मुदती आणखी पाच-पाच वर्षे पुढे गेल्या.

इतक्या प्रयत्नांनंतर काय दिसले? बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या, म्हणजे २०१२-१७ च्या अंदाजानुसार भारतात १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होते. त्याच ठिकाणी जर्मनीचा आकडा ७५ टक्के व दक्षिण कोरियाचा ९६ टक्के दिलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे आकडे उद्‌धृत करून कारणही नोंदविले आहे. व्यवसाय अभ्यासक्रम घेतलेल्या मुलास पुढे त्याच क्षेत्रात वर चढण्याची वाट स्पष्ट नव्हती आणि सामान्य महाविद्यालयाच्या प्रवेशाचे नियम त्याला सामावून घेतील असे नव्हते. म्हणजे १८८२ च्या ‘ब’ अभ्यासक्रमाचा रोगच शंभरांहून अधिक वर्षे चालू राहिला. हाताचे शिक्षण वाईट होते म्हणून मुले गेली नाहीत. ती गल्ली बंद होती म्हणून गेली नाहीत.

आजची शिडी

ही गल्ली आता पूर्वीइतकी बंद राहिलेली नाही. तीतून निघणाऱ्या वाटा ठाऊक नसणे, ही आजची अडचण आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची मूळ योजना १९५० ची आहे. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था असून बहुतेक तालुक्यांतील मुलांना त्या फार दूर नाहीत. जोडारी, विजतंत्री, कातारी, यंत्रकारागीर यांसारखे व्यवसाय दोन वर्षांचे असतात. संधाता, नळकारागीर, सुतारकाम यांसारखे एक वर्षाचे. लोकांच्या तोंडी हेच शब्द फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर व प्लंबर असे आहेत आणि अर्जावरही ते तसेच आढळतील. बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असावे लागते. काही थोड्या व्यवसायांना आठवी उत्तीर्ण पुरते. अखेरच्या अखिल भारतीय परीक्षेनंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते व ते देशभर चालते.

येथून तीन वाटा फुटतात. पहिली कामाची. प्रमाणपत्रानंतर कारखान्यात किंवा वीज, परिवहन, रेल्वे यांसारख्या सार्वजनिक सेवेत शिकाऊ उमेदवारी करावयाची. ती साधारणपणे एक वर्षाची असते व तिच्या शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा असते. दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. आणि पदविका मिळाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी. तिसरी वाट सामान्य शिक्षणाकडे परत येण्याची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेशी २०१६ मध्ये झालेल्या व्यवस्थेनुसार आय.टी.आय. उत्तीर्ण विद्यार्थ्यास आधीच्या प्रशिक्षणाचे श्रेय मिळून, ठरावीक विषयांची परीक्षा देऊन शालान्त वा उच्च माध्यमिक प्रमाणपत्र मिळविता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये सुरू केलेली बी.व्होक. ही पदवीही याच विचाराची आहे. तीत एका वर्षानंतर पदविका व दोन वर्षांनंतर प्रगत पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय ठेवलेली आहे. याखेरीज, ज्याला शिकविण्याची आवड आहे त्याला शिल्प निदेशकाचे प्रशिक्षण घेऊन आय.टी.आय.मध्येच शिक्षक होता येते.

हा हिशेब पालकासमोर फळ्यावर मांडण्याजोगा आहे. दहावीनंतर बारावी विज्ञान दोन वर्षे व अभियांत्रिकी पदवी चार वर्षे, एकूण सहा. दहावीनंतर आय.टी.आय. दोन वर्षे, पदविकेची उरलेली दोन वर्षे आणि पदवीची उरलेली तीन वर्षे, एकूण सात. फरक एका वर्षाचा आहे. परंतु पहिल्या वाटेवरील मुलाला मध्येच थांबावे लागले तर त्याच्या हाती बारावीच्या गुणपत्रिकेपलीकडे काही नसते. दुसऱ्या वाटेवरील मुलगा दुसऱ्या, चौथ्या वा सातव्या वर्षी थांबला, तरी प्रत्येक टप्प्यावर त्याच्या हाती एक पुरे झालेले शिक्षण असते. ज्या घरात एक वर्ष पाऊस न पडल्यास मुलाची फी थांबते, त्या घराला या फरकाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

याचा अर्थ प्रत्येक मुलाने याच वाटेने जावे असा नव्हे. ज्याला भौतिकशास्त्राची वा इतिहासाची ओढ आहे, त्याने त्या शाखेतच जावे. आय.टी.आय.नंतर पदविकेचा अभ्यास जड जातो, विशेषतः गणित आणि इंग्रजी, हेही लपवू नये. सगळ्याच संस्था सारख्या नाहीत. कोठे यंत्रे जुनी असतात, कोठे निदेशकांच्या जागा रिकाम्या असतात. म्हणून प्रवेशाआधी मुलाने व पालकाने संस्थेत प्रत्यक्ष जाऊन कर्मशाळा पाहावी आणि मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्या चार मुलांना ती कोठे आहेत ते विचारावे. माहितीपत्रकातील चित्रापेक्षा ही चौकशी खरी ठरते.

उमेदवारीचा करार

शिकाऊ उमेदवारीविषयी खेड्यात दोन गैरसमज आढळतात. उमेदवारी म्हणजे पक्की नोकरी हा पहिला आणि उमेदवारी म्हणजे फुकटची राबणूक हा दुसरा. दोन्ही दूर करण्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा थोडासा तरी ठाऊक असावा.

या कायद्याप्रमाणे उमेदवार व मालक यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. उमेदवार अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालक सही करतो. म्हणून ज्या कागदावर सही करावयाची तो पालकाने वाचून घेणे, किंवा गुरुजींकडून वाचवून घेणे, अगत्याचे आहे. वयाची किमान मर्यादा १४ वर्षे असून धोक्याच्या उद्योगांसाठी २०१४ च्या दुरुस्तीपासून ती १८ वर्षे आहे. नियमाने ठरविलेल्या किमान दराने विद्यावेतन द्यावे लागते. कामाच्या ओघात इजा झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. आधी कोठेही प्रशिक्षण न घेतलेल्या उमेदवारास प्रथम मूलभूत प्रशिक्षण व मग प्रत्यक्ष काम, असा क्रम आहे. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या आस्थापनेस ठरावीक प्रमाणात उमेदवार घेणे बंधनकारक झाले.

दुसऱ्या बाजूने हेही स्पष्ट सांगावे की उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने शिकणारा असतो, कामगार नव्हे. आणि मुदत संपल्यावर त्याला त्याच ठिकाणी नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाही. जो मुलगा हे जाणून जातो, तो उमेदवारीच्या वर्षात नोकरीची वाट पाहत बसत नाही. तो जितके शिकता येईल तितके शिकून घेतो. जेथे करार नाही, नोंदणी नाही, आणि शिकविण्याऐवजी केवळ ओझी वाहून घेतली जातात, तेथील कामाला उमेदवारी म्हणू नये. अशा ठिकाणी गेलेला मुलगा वर्षअखेर प्रमाणपत्राविना परत येतो, आणि गावातील पुढची दहा मुले त्या वाटेला जात नाहीत.

चौथीतला निवाडा आणि पाबळचा अनुभव

व्यवसायशिक्षणाची गोष्ट निघाली की जर्मनीचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. तेथे उमेदवार आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात वा दुकानात काम शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. १९६९ च्या कायद्याने या पद्धतीला देशभर एक चौकट दिली. २००९ पासून ‘माइस्टर’ म्हणजे उस्ताद कारागिराची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास विद्यापीठाचे दारही खुले झाले. परंतु त्याच देशातील बहुतेक राज्यांत मुलांची वाटणी चौथीनंतरच वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत होते, आणि त्या वाटणीत प्राथमिक शिक्षकाच्या शिफारशीला वजन असते. दहा वर्षांच्या मुलाचे भवितव्य इतक्या लवकर ठरवावे काय, हा वाद तेथेही संपलेला नाही. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकाला अशी लेखी शिफारस द्यावी लागत नाही. पण “हा पुढे काही शिकायचा नाही” हे त्याचे वाक्य शिफारशीइतकेच परिणाम करून जाते. ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार चौथीच्या वर्गात कोणालाच नाही.

जर्मनीपेक्षा जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे आहे. शिरूर तालुक्यातील हे गाव कमी पावसाच्या पट्ट्यात येते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. एका मोठ्या उद्योगातील संशोधनाचे काम सोडून ते १९८३ मध्ये पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ज्या संस्थेचे केंद्र म्हणून हा आश्रम निघाला, ती भारतीय शिक्षण संस्था १९४८ मध्ये जे. पी. नाईक यांनी स्थापन केली होती. आणि हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाच्या अहवालात जो कार्यानुभव शब्दांत होता, तो पाबळच्या माळावर हत्यारांसह उभा राहिला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पाबळची रीत साधी होती. हायस्कूलच्या आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस वर्गाबाहेर काम करावयाचे. कामाची क्षेत्रे चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हे या विषयाचे नाव, आणि त्याला माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यताही मिळाली. मुलगे आणि मुली यांना चारही क्षेत्रांतील काम करावे लागे. मुलीच्या हाती वेल्डिंगचे हत्यार येई आणि मुलगा हिमोग्लोबिन तपासावयास शिके. शिकविण्यासाठी गावातील कुशल माणसे निदेशक म्हणून घेता येत. मुख्य गोष्ट अशी की शिकण्याचे काम गावाच्या उपयोगाचे असे व त्याचा मोबदला घेतला जाई. म्हणून माप चुकले तर दोष कागदावर राहत नसे, तो गिऱ्हाइकाच्या दारात दिसे. जुन्या लोहारशाळेचा गुण येथे होता. जन्माची अट मात्र गेलेली होती.

या मुलांपैकी सगळी वेल्डर वा गवंडी झाली नाहीत, आणि तसा हेतूही नव्हता. हाताने काम करताना पडलेले प्रश्न विज्ञानाच्या तासाला विचारता येतात, आणि विज्ञानाच्या तासाला शिकलेले हातात उतरते, हे डॉ. कलबागांना दाखवावयाचे होते. काम हा बुद्धिमंद मुलाचा आश्रय नव्हे. बुद्धी तयार होण्याची ती एक जागा आहे.

प्राथमिक शिक्षकाचे काम

हायस्कूल, आय.टी.आय., तंत्रनिकेतन या साऱ्या पुढच्या गोष्टी. त्यांत प्राथमिक शिक्षकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जोडारीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात मिळते. तेथे मुलाला कानशीने लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणावा लागतो आणि व्हर्निअर कॅलिपरने मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजावा लागतो. ज्याला पाचवीत दशांश अपूर्णांक समजला नाही, त्याचा हात तेथे अडतो. आराखडा वाचता येत नाही म्हणून कोणी अडतो; त्याने चौथीत आगपेटीचे तीन बाजूंनी चित्र कधी काढलेले नसते. गवंडीकामात एकास सहा असे सिमेंट-वाळूचे प्रमाण सांगितले की गुणोत्तराचा धडा समोर उभा राहतो. औद्योगिक शिक्षणाचा पाया अशा रीतीने गणिताच्या व चित्रकलेच्या तासालाच घातला जातो, आणि तो प्राथमिक शाळेत घातला जातो.

यासाठी नवी सामग्री लागत नाही. ओळंबा, पाणसळ, गुण्या व मोजपट्टी ही चार साधने गावातील कोणत्याही गवंड्याकडे वा सुताराकडे असतात. शाळेची भिंत ओळंब्यात आहे काय, पायरी पाणसळीत आहे काय, फळ्याचा कोपरा काटकोनात आहे काय, हे मुलांनी एका तासात मोजून पाहावे. मोजलेले वहीत लिहावे आणि दोन गटांचे आकडे का जुळले नाहीत यावर बोलावे. त्या तासात भूमिती, भाषा व प्रामाणिकपणा हे तिन्ही विषय शिकविले जातात.

२०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे अशी कल्पना आहे. हे दिवस सहलीसारखे उरकले गेले तर त्यांचा उपयोग नाही. प्रत्येक जाणकाराला आधी भेटून, मुलांनी काय पाहावे, कशाला हात लावावा व कशाला लावू नये, हे ठरवून ठेवावे. कुंभाराला चाकाविषयी, वायरमनला फ्यूजविषयी, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला पंपाविषयी मुलांनी काय विचारावे, त्याची यादी वर्गात तयार करावी. आणि त्या दिवशी जाणकाराला खुर्ची द्यावी व ‘अहो’ म्हणावे. कामाच्या प्रतिष्ठेवरील दहा निबंधांनी जे होत नाही, ते गुरुजींनी आपली खुर्ची मिस्त्रींना दिल्याने होते.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. सुताराच्या मुलाला सुतारकामाच्या गटात आणि चांभाराच्या मुलाला चामड्याच्या कामात घालू नये. तसे केल्यास शाळा जुनेच बलुते नव्या नावाने चालवील. आणि मुलींना शिवणकामापुरते थांबवू नये. विजतंत्रीचे व यंत्रकारागिराचे वर्ग मुलींनाही खुले आहेत. ते खुले आहेत हे मुलीला नववीत नव्हे, पाचवीतच ठाऊक असले पाहिजे.

उरले ते कागदाचे काम. आय.टी.आय.चे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन पद्धतीने होतात, आणि जातीचा दाखला वा अधिवास प्रमाणपत्र वेळेवर नसल्याने हुशार मुलाची जागा जाते. हे दाखले निकालाआधीच काढून ठेवावयास सांगणे, ही लहानशी सूचना एखाद्या घराचे एक वर्ष वाचविते. गावातून आय.टी.आय., तंत्रनिकेतन वा उमेदवारीस गेलेल्या मुलामुलींची एक साधी नोंदवही शाळेत ठेवावी : कोण, कोणत्या व्यवसायात, आज कोठे. पाच वर्षांत ती वही गावापुरती सर्वांत विश्वासार्ह मार्गदर्शिका होईल, कारण तीतील प्रत्येक नावाच्या घरी जाऊन विचारता येते.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढच्या निकालाच्या दिवसांत ओसरीवर पुन्हा कोणी वडील मुलाला घेऊन उभे राहतील. त्या वेळी गुणपत्रिकेवरील टक्क्यांआधी मुलाकडे पाहावे, त्याला काय करावयास आवडते ते विचारावे, आणि मग सगळ्या वाटा, त्यांची वर्षे, त्यांचा खर्च व त्यांतील अडचणी सांगाव्यात. निवड त्याची व त्याच्या घरची असावी. तो हत्याराकडे वळला तर नाइलाजाने वळल्याची भावना त्याच्या मनात राहू नये, आणि पुढे पुस्तकाकडे परत यावेसे वाटले तर वाट कोठून आहे हे त्याला ठाऊक असावे. नांगराची मूठ आणि लेखणी यांच्यातील अंतर कमी करण्याचे जे काम १८८२ साली प्राथमिक शिक्षकाकडून अपेक्षिले गेले होते, ते अजून पुरे व्हावयाचे आहे. त्याची सुरुवात गावातल्या शाळेच्या ओसरीवरच होते.